यम्मांच्या पाटीवरचा निरोप

दर शुक्रवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल संपायच्या आधी त्या बाई एक पांढरी पाटी कॅमेऱ्यासमोर धरायच्या. पाटीवर काळ्या मार्करने काढलेली एक वळणदार ओळ असायची. सुरुवातीला मला ती नक्षीच वाटली. मी हात जोडायची, त्या पाटी हलवायच्या आणि कॉल बंद व्हायचा.

माझी मुलगी त्या बाईंची नर्स होती. खरं तर ती गेली होती हॉस्पिटलच्या नोकरीवर. एजंटने तसंच सांगितलं होतं. आखातातल्या त्या शहरात उतरल्यावर मात्र गाडी तिला एका मोठ्या घरी घेऊन गेली. तिथे पलंगावर बसलेल्या एका वृद्ध बाईंकडे बोट दाखवून घरमालक म्हणाला, ‘ही माझी आई. हेच तुझं हॉस्पिटल.’ घरात सगळे त्या बाईंना यम्मा म्हणत. माझी मुलगीही म्हणू लागली, आणि मग इकडे वर्ध्याजवळ सिंदी मेघेतल्या आमच्या घरातही त्यांचं नाव यम्माच पडलं.

घर वाईट नव्हतं. जेवण वेळेवर, पगार वेळेवर, झोपायला वेगळी खोली. पासपोर्ट तेवढा घरमालकाच्या कपाटात. करार संपला तेव्हा मुलीने तो मागितला. त्याने तिला समोर बसवलं, चहा मागवला आणि अगदी सौम्यपणे सांगितलं, आई आहे तोवर तू राहा. आईनंतर मी स्वतः तिकीट काढून देईन, विमानतळापर्यंत गाडी देईन.

मुलीने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होते. मी एका कॉलेजात हेड क्लार्क आहे. नियम, अर्ज, स्मरणपत्रं यांवर माझा संसार चालतो. त्याच दिवशी मी कागदावर सगळे मार्ग लिहून काढले आणि एकेक तपासत गेले. एजंटचा फोन लागेना. दूतावासात फोन लागला, तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, तक्रार करता येते, पण मग मुलीला ते घर सोडून आधारगृहात येऊन राहावं लागेल. पुढे किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

मुलगी म्हणाली, ‘आई, मला इथं कोणी त्रास देत नाही. फक्त जाऊ देत नाहीत. आणि यम्मांना असं टाकून मी कुठं जाऊ? त्यांना कूस बदलायलासुद्धा मीच लागते.’

त्या मार्गावर मी काट मारली. मग एकच मार्ग उरला, आणि तो मी कागदावर लिहिला नाही. माझी मुलगी घरी यायची तर तिकडच्या एका आईने जायला हवं होतं. आमच्या घरात हे कोणी बोललं नाही. नवरा सिंदी रेल्वे गावात दुकान चालवतो, सकाळी जातो, रात्री येतो. तो जेवताना फक्त विचारायचा, ‘कशा आहेत त्या?’ मी म्हणायची, ‘तशाच.’ सासूबाई संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना पुटपुटायच्या, ‘देवा, त्या म्हातारीले...’ आणि तिथेच थांबायच्या. पुढे काय मागायचं, हे त्यांना कधी सुचलं नाही. हात जोडलेले तसेच ठेवून त्या थोडा वेळ उभ्या राहायच्या, आणि मग म्हणायच्या, ‘तुले माईत हाय सारं.’

पाटीचं मी एकदा मुलीला विचारलं.

‘यम्मांना ऐकू येत नाही गं, तुला सांगितलं होतं ना. त्या लिहूनच बोलतात, घरातलं कोणीतरी मला वाचून सांगतं. तुझ्यासाठी लिहितात ते.’

‘मला काय कळणार त्यातलं?’

‘त्यांना वाटतं तुला वाचता येतं. मी मान हलवून हो म्हटलंय.’

‘काऊन?’

‘त्यांना बरं वाटलं म्हणून.’

म्हणजे इतक्या दिवसांत त्या मला काहीतरी लिहीत होत्या आणि मी नुसती हसून हात जोडत होते. आलेल्या पत्राला उत्तर न देणं माझ्याच्याने होत नाही. दुसऱ्या दिवशीच्या कामांच्या यादीत, गॅसचं बुकिंग आणि सासूबाईंच्या चष्म्याची काडी यांच्या मध्ये, मी लिहिलं: पाटीवरचं शिकणे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आपा राहतात. उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. निवडणुकीच्या ड्यूटीला आम्ही एकाच बूथवर होतो. दिवसभर एका टेबलाशी बसून शाई लावल्यावर माणसाची जी ओळख होते, ती आमची होती. मी फोनमध्ये पाटीचा फोटो काढून ठेवला होता. तो त्यांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘मअस्सलामा.’

‘म्हणजे?’

‘सलामतीसोबत. तुम्ही म्हणता ना, सुखरूप राहा, सुखरूप पोचा, तसं. माझे दीर होते तिकडं बरीच वर्षं, ते सांगत. जाणारा उठला की राहणारा त्याले म्हणते हे. आजकाल काय, दोघंही म्हणतात, फोन ठेवतांनी पण म्हणतात. आपल्या टाटासारखं झालं ते. पण कायदा तोच, राहणारा जाणाऱ्याले.’

‘मला वाचायला शिकवा. आणि टाइप करायला.’

‘अख्खी अरबी?’

‘नाही. एवढंच.’

त्या हसल्या. ‘मॅडम, तुम्ही पण ना. लोकं आधी पाया घालतात, तुम्ही डायरेक्ट दरवाजा बसवून राह्यल्या.’

पण शिकवलं त्यांनी. कागदावर मोठं लिहून दिलं: مع السلامة. मी पेन्सिल घेतली आणि सवयीने डावीकडून गिरवायला लागले. आपांनी माझा हात धरला. ‘राँग साइड घुसल्या तुम्ही. चालान फाटन.’ उजवीकडून मीम, मग ऐन. मग जागा सोडायची. मग अलिफ आणि लाम. हा लाम लिहायचा, बोलायचा नाही. मग सीन, त्याचे दात मोजायचे. मग लाम आणि अलिफ, दोघं गळ्यात गळा घालून. मग परत मीम. शेवटी गोल ते, डोक्यावर दोन टिंबं.

‘ही टिंबं इसरू नका,’ आपा म्हणाल्या. ‘उर्दूवाले आम्हीच इसरतो.’

ऐन मला कधीच जमला नाही. तो घशातून काढायचा असतो. मी काढला की आपांचा पोपट पिंजऱ्यात उडी मारायचा. पण मला बोलायचं नव्हतंच, ऐकणार कोण होतं? मला लिहायचं होतं. फोनवर अरबीचा कीबोर्ड टाकला. पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह दाबलं की मराठी जाऊन अरबी यायची आणि अक्षरं भलत्या बाजूने पळत सुटायची. एकेक अक्षर सुटं दाबायचं, आणि फोन ते आपोआप जोडून घ्यायचा. मी रिकाम्या वेळी सराव केला. एकदा कीबोर्ड बदलायचा राहिला आणि कॉलेजच्या ग्रुपवर परीक्षेच्या वेळापत्रकाखाली माझं मअस्सलामा जाऊन पडलं. प्राचार्यांनी प्रश्नचिन्ह टाकलं. लायब्ररीवाल्या सरांनी लिहिलं, ‘मॅडम कुठी चालल्या? पार्टी देऊन जाजो.’

थोड्याच दिवसांत फोनही शिकला. मी मीम आणि ऐन दाबलं की पुढचा शब्द तो स्वतःच पुढे करायचा. बोट लावायचाच अवकाश. त्याचं मला सुरुवातीला कौतुक वाटलं होतं.

सासूबाईंना मात्र हे शिकणंच आवडलं नव्हतं. मी टेबलावर गिरवत बसले की त्या भाजी निवडत माझ्याकडे बघायच्या.

‘काय होते त्याचं?’

‘सुखरूप जा, असं.’

‘जा?’ त्यांचा हात थांबला. ‘बिमार मानसाले जा म्हनतं का कोनी?’

‘आत्याबाई, त्यात जा नाही. ये पण नाही. नुसतं सलामतीसोबत, एवढंच आहे.’

‘मंग अर्धंच बोलनं झालं. मानूस ये म्हनते नाई तं जा म्हनते.’

या बाबतीत सासूबाईंचे कायदे माझ्या सेवापुस्तकापेक्षा कडक आहेत. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. आजाऱ्याला भेटून निघताना तर हमखास येतो म्हणायचं. फक्त मयतीच्या घरून निघताना काहीच म्हणायचं नाही. ना येतो, ना जातो. उठायचं, चपला घालायच्या, मागे न बघता चालू पडायचं. त्या घरी तसल्या कारणाने पुन्हा यायची पाळी कोणावर येऊ नये म्हणून. आमचे आधीचे एक प्राचार्य बाहेरच्या भागातले होते. शेजारच्या घरी सांत्वनाला आले आणि निघताना मोठ्याने म्हणाले, ‘बरं, येतो मग. येत राहू.’ सगळी ओसरी गारठली. सासूबाई रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, ‘घ्या! आता अजून कोनाच्या टायमाले येनार हाय हा?’ मी हसले होते. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती, तीही हसली होती. पण हसत हसत दोघींनी ते पाठ केलं होतं.

पहिल्यांदा मी ते शब्द पाठवले तेव्हा मुलीने फोनचा पडदा मोठा करून यम्मांच्या डोळ्यांसमोर धरला. कॉल तिकडच्या दुसऱ्या एका फोनवर चालू होता, त्यातून मी बघत होते. त्यांनी बोटाने अक्षरं चाचपली. मग हसल्या, दात नव्हते, आणि फोन छातीला लावला. मुलगी म्हणाली, ‘आई, त्या म्हणतात, तुझं अक्षर छान आहे.’

‘ते फोनचं अक्षर आहे.’

‘मी सांगणार नाही हं त्यांना.’

त्यानंतर दर शुक्रवारी त्या पाटी धरायच्या आणि मी फोनवर उत्तर द्यायची. आता ती नक्षी राहिली नव्हती. मला ती वाचता येत होती, आणि इथेच माझी शांतता संपली. जोवर वाचता येत नव्हतं तोवर सगळ्या पाट्या सारख्या दिसायच्या. आता दिसायचं की आज टिंबं दोन्ही एकमेकांवर चढली आहेत. पुढच्या वेळी टिंबं नव्हतीच. मग सीनचे दात गेले, नुसती आडवी रेघ राहिली. मुलगी म्हणायची, ‘बऱ्या आहेत, आज सूप घेतलं.’ घरमालकाची बायको मागून हात हलवायची. सगळे हसरे असायचे. पाटी मात्र उतरत चालली होती, आणि त्या खोलीबाहेर ते फक्त मला कळत होतं, कारण मी आठवड्याच्या आठवड्याला फोटो काढून ठेवत होते.

मी एक नवा कागद केला होता. वर लिहिलं होतं ‘आल्यावर’. खाली गादी पिंजून घेणे, रक्त तपासणी, बँकेत केवायसी, तिच्या खोलीतला पंखा. यातलं मी काहीच आधी करत नव्हते. पंखेवाला एकदा दुसऱ्या कामाला घरी आला होता, म्हणाला, ‘मॅडम, हा पण करून देऊ का?’ मी इतक्या जोरात नाही म्हटलं की तो चपापला. पंखा दुरुस्त करणं म्हणजे तिकडे कोणाला तरी घाई करणं होतं.

मग एका शुक्रवारी पाटी आली आणि तिच्यावर दोनच अक्षरं होती. मीम आणि ऐन. पुढची जागा कोरी. मार्कर यम्मांच्या हातात तसाच होता, टोक पाटीला टेकलेलं, पण तो पुढे सरकत नव्हता. ‘सोबत’ एवढंच लिहिलं होतं. त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. मी वाट पाहिली. मुलीने हळूच पाटी काढून घेतली.

मी उत्तर लिहायला घेतलं. मीम, ऐन दाबलं. फोनने लगेच पुढचा शब्द समोर ठेवला, तयार. माझं बोट त्याच्यावर गेलं नाही. मी जे पाठवणार होते तो शिष्टाचार होता की दुसरं काही, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. मी सगळं खोडलं आणि मराठीत लिहिलं, ‘यम्मांना सांग, पुढच्या शुक्रवारी बोलू.’

सासूबाई मागे उभ्या होत्या. ‘काऊन नाई लिवलं?’

‘असंच.’

‘बरं केलं,’ त्या म्हणाल्या.

पुढचा शुक्रवार आलाच नाही. सकाळी स्वयंपाक करताना मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती. नर्सच्या आवाजात बोलत होती. ‘आई, यम्मा गेल्या. पहाटे. मी जवळच होते.’ मी गॅस बंद केला. नवऱ्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चपला काढून परत आत आला. आनंद झाला होता का? झाला असेल तर त्याला बसायला घरात जागा नव्हती.

घरमालकाने शब्द पाळला. घरातल्या दुखवट्याचे दिवस संपले की त्याच दुपारी निघायचं, असं त्याने मुलीला सांगितलं. कागद आधीपासून तयारच होते. पासपोर्ट ड्रायव्हरकडे देईन, तो विमानतळावर तुझ्या हातात देईल, म्हणाला.

‘ड्रायव्हरकडे का? तुझ्याकडे का नाही?’ मी विचारलं.

‘आई, आता नको ना विचारू.’

सासूबाईंनी फोन मागून घेतला. नातीला काय सांगायचं ते त्यांचं ठरलेलं होतं. ‘हे पाय बाई, मयतीचं घर हाय. निघतांनी काही बोलू नोको. येतो म्हनू नोको, जातो म्हनू नोको. मांगं वळून पाहू नोको. सीधी गाडीत बस.’

‘हो आजी. माहीत आहे.’

मी बाजूलाच उभी होते. मला ते बरोबरच वाटलं. आमच्याकडे तीच रीत आहे.

त्या दिवशी मी रजा टाकली. दुपारी मुलीचा निरोप आला, ‘गाडीत बसले.’ त्यानंतर तिचा फोन बंद. मी स्वतःला सांगितलं, चार्जिंग संपलं असेल. मग माझा फोन वाजला. यम्मांच्या सुनेच्या नंबरवरून अरबीत एक लांबलचक मजकूर आला होता. तिचा नंबर मी अडीअडचणीसाठी घेऊन ठेवला होता. तिने मला कधी काही लिहिलं नव्हतं.

मला अरबीत एकच गोष्ट वाचता येत होती. मी ती शोधली. उजवीकडून, पहिल्या ओळीपासून. मीम खूप होते, ऐनही होते. ते जोडीने कुठे येतात ते बोट ठेवून पाहत गेले. शेवटच्या ओळीपर्यंत गेले. ते शब्द तिथे नव्हते. निरोपाचा मजकूर नव्हता तो.

मग मी तो उचलून भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला. वाकडंतिकडं मराठी आलं, पण अर्थ कळत होता. आम्ही सगळ्या बायका दारापर्यंत आलो. प्रत्येकीने तिला सलामतीचा निरोप दिला. तिने एकीलाही उत्तर दिलं नाही. तोंड फिरवून गेली. आईने तिला मुलीसारखं वागवलं. तिच्या मनात आमच्याविषयी काय आहे? माझे पती विचारतात की ती विमानतळावर आमच्याविरुद्ध काही सांगणार आहे का. त्यांनी गाडी परत बोलावली आहे.

मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या खाली बसल्या. ‘पन मी तं...’ एवढंच म्हणाल्या.

‘तुमचं काही चुकलं नाही,’ मी म्हटलं आणि चपला घातल्या.

आपा दळण निवडत होत्या. फोन हातात घेतला, मजकूर वाचला. ‘अक्षरं वाचता येतात मले, अर्थ पुरा नाई लागत,’ म्हणाल्या, मग अ‍ॅपमधलं मराठी वाचलं. ‘हे रागावणं नाई मॅडम. दुखावले ते. आणि मालक घाबरला. घाबरलेला मानूस जास्त वाईट.’

‘मी सगळं समजावून लिहिते. आमची रीत, येतो का म्हणायचं नाही, का वळून बघायचं नाही...’

‘लंबं नका लिहू. मशीन त्याचं काहीबाही करन. तीन-चार वाक्यं. सरळ.’

मी मराठीत लिहिलं: आमच्या गावात मृत्यू झालेल्या घरातून निघताना माणूस काही बोलत नाही आणि मागे पाहत नाही. हा आदर आहे. बोललो तर त्या घरावर पुन्हा दुःख येतं असं आम्ही मानतो. माझ्या मुलीने तुमच्या घराचं भलं चिंतून तोंड बंद ठेवलं.

अ‍ॅपने त्याची अरबी केली. आपांनी ती पुन्हा मराठीत उलटवायला लावली, काही भलतं झालं नाही ना ते बघायला. एका ठिकाणी ‘तोंड बंद केलं गेलं’ असं आलं होतं. ते वाक्य बदललं. आता पाठवायचं होतं. खाली मोकळी ओळ होती. मी गोळ्याचं चिन्ह दाबलं, कीबोर्ड बदलला, आणि लिहिलं, यम्मांना. ते नाव कसं लिहायचं ते आपांनी सांगितलं. त्याच्यापुढे मीम, ऐन. फोनने पुढचा शब्द समोर धरला. मी त्याला हात लावला नाही. अलिफ, लाम, सीन, लाम, अलिफ, मीम, गोल ते, सगळं स्वतः दाबलं. राहणारा जाणाऱ्याला म्हणतो. मी राहिले होते, त्या गेल्या होत्या. त्या शुक्रवारचं उत्तर माझ्याकडे बाकी होतं.

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही.

आपांनी पाणी दिलं. दळण बाजूला सारलं. भिंतीवर पोपट इकडून तिकडे चालत होता. मी मुलीचा नंबर लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. आपांचे ओठ हलत होते. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. सुनेच्या नावाखाली ‘लिहीत आहे’ असं दिसायचं आणि पुसलं जायचं. पुन्हा दिसायचं, पुन्हा पुसलं जायचं. तिकडे कोणीतरी लिहून खोडत होतं. त्या गाडीच्या काचा बंद असतील आणि मुलगी मागच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन बसलेली असेल, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. गाडी कोणत्या दिशेला तोंड करून उभी आहे, ते येत नव्हतं.

मग मजकूर आला. लहान. दोन शब्द. आपांनी हात पुढे केला, पण मला त्यांची गरज नव्हती. टिंबं दोन्ही जागेवर होती.

मुलगी नागपूरच्या विमानतळावर उतरली तेव्हा तिच्याकडे एकच बॅग होती. वर्ध्याकडे येताना गाडीत ती आधी झोपली, निदान डोळे मिटून होती. बुटीबोरीच्या पुढे तिने आपणहून सांगितलं. गाडी खरंच मागे वळली होती. फाटकासमोर उभी राहिली, इंजिन चालू. ड्रायव्हरने तिचा फोन मागून घेतला होता. घरमालक बाहेर आला, काचेशी वाकला, तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. ती समोर बघत राहिली, कारण मागे वळून बघायचं नव्हतं. मग त्याने ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं, आणि गाडी पुन्हा निघाली.

‘माझा मेसेज तोपर्यंत पोचला होता का?’ मी विचारलं.

‘मला नाही माहीत आई. त्याच्या हातात फोन नव्हता.’

अजूनही मला ते कळलेलं नाही.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी तिला दारातच थांबवलं. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. ‘पयले आंघोळ कर, मंग देवापाशी ये.’ मुलगी उंबऱ्याबाहेर ओल्या पायांनी उभी होती.

‘आई, तिकडून काही आलं का माझ्यासाठी?’

मी फोन काढून तो मजकूर दाखवला. तिला अरबी बोलता यायची, वाचता यायची नाही. मी अक्षरांखालून बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे, आणि वाचून दाखवलं. ऐन नेहमीसारखाच चुकला.

ती ऐकत होती. मग दाराबाहेर, रस्त्याकडे तोंड करून, हळू म्हणाली, ‘अल्लाह यसल्लमिक.’ अल्लाह तुला सलामत ठेवो, मअस्सलामाला तिकडे असं उत्तर देतात. त्या दारात तिने गिळलेलं उत्तर.

‘काय म्हनली ते?’ सासूबाईंनी मला विचारलं. ‘येतो म्हनली का?’

‘नाही,’ मी म्हटलं.

त्या आत वळल्या. मुलगी तशीच उभी होती, पाठमोरी. मी न्हाणीत पाणी काढायला गेले. मग आठवण झाली, तिच्या खोलीतला पंखा अजून करायचाच होता.